आपल्या नावाची हाक

जुलै लागला की सातारा-सांगलीकडच्या सकाळी तीन ठिकाणांची नावं एका दमात घेतली जातात: कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर. चोवीस तासांत कुठं किती मिलिमीटर पाऊस झाला, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी किती टीएमसीवर आलं, पायथ्याच्या वीजगृहातून किती क्युसेक सोडलं. रेडिओवर तेच, पेपरात तेच, गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही तेच. नागपूरच्या वाचकाची नजर या आकड्यांवरून पुढं निघून जाते आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. सांगलीत कृष्णाकाठी राहणारा माणूस मात्र हातातला चहा खाली ठेवतो. आयर्विन पुलाची ४० फुटांची इशारा पातळी आणि ४५ फुटांची धोका पातळी त्याला पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा घरात ते कुठवर चढलं होतं, हे तो भिंतीवर बोट ठेवून दाखवतो.

आकडा दोघांच्याही समोरून गेला. एकाच्या मेंदूनं तो आत घेतला, दुसऱ्याच्या मेंदूनं बाहेरच्या बाहेर जाऊ दिला. या निवडीबद्दल आज थोडं बोलायचं आहे. दिवसभरात आपल्या कानांवर आणि डोळ्यांवर जे आदळतं त्यातलं फारच थोडं आपल्यापर्यंत पोचतं, आणि जे पोचतं त्यात पहिला मान स्वतःचा आणि आपल्या माणसांचा असतो. हा मान आपण ठरवून देत नाही. आपल्याला कळायच्या आत तो दिला गेलेला असतो.

कराडहून कोयनानगरला जाणाऱ्या एसटीत हे रोज बघायला मिळतं. दुपारची गाडी, बाजार करून परतणारी माणसं, पायांत पिशव्या, खिडकीला टेकलेली डोकी. कंडक्टर एकामागून एक गावं पुकारतो. मल्हारपेठ आलं, नवारस्ता आला, पाटणला गाडी निम्मी रिकामी झाली आणि पुन्हा भरली. या सगळ्या गलक्यात कडेच्या बाकावर तोंड उघडं टाकून झोपलेला माणूस हलत नाही. हॉर्न वाजतो, लेकरू रडतं, कुणाची तरी पिशवी त्याच्या गुडघ्यावर आपटते, तरीही नाही. आणि ‘हेळवाक’ एवढी चारच अक्षरं कानांवर पडली की तो ताडकन उठतो, टोपी सारखी करतो आणि दाराकडं निघतो. मधली सगळी गावंही त्याच्या कानांत शिरलीच असणार. नाहीतर ही चार अक्षरं वेगळी काढली कुणी?

हाच प्रश्न मानसशास्त्रज्ञांना सत्तर वर्षांपूर्वी पडला. १९५३ मध्ये कॉलिन चेरी या ब्रिटिश संशोधकानं लोकांच्या दोन कानांत एकाच वेळी दोन वेगळी भाषणं सोडली आणि एकाच कानातलं ऐकून ते मोठ्यानं म्हणायला लावलं. दुसऱ्या कानात काय चाललं होतं हे लोकांना जवळजवळ सांगताच येईना. पुरुषाचा आवाज होता की बाईचा एवढं कळलं, पण अर्थ काही कळला नाही. सहा वर्षांनी नेव्हिल मोरे यांनी तोच प्रयोग पुढं नेला. दुर्लक्षित कानात त्यांनी तेच ते साधे शब्द ३५ वेळा म्हटले, तरी ते कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. मग त्याच कानात ऐकणाऱ्याचं स्वतःचं नाव उच्चारलं. सुमारे एक तृतीयांश लोकांना ते ऐकू आलं. ३५ वेळा म्हटलेला शब्द बाहेर राहिला आणि एकदा घेतलेलं नाव आत गेलं.

म्हणजे ज्याकडं आपलं लक्ष नाही तेही मेंदू तपासत असतो. वाड्याच्या देवडीवर बसलेल्या राखणदारानं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडं पाहावं, पण आत वर्दी ठराविक माणसांचीच द्यावी, तसं हे काम चालतं. मात्र एक तृतीयांश याचा अर्थ दोन तृतीयांश लोकांना स्वतःचं नावसुद्धा ऐकू आलं नाही, हेही विसरू नये. २००१ मध्ये अँड्र्यू कॉनवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा उलगडा करायचा प्रयत्न केला. एका वेळी बरंच काही मनात धरून ठेवण्याची ज्यांची क्षमता चांगली होती, त्यांच्यातल्या २० टक्क्यांनाच आपलं नाव ऐकू आलं. ज्यांची ती क्षमता कमी होती, त्यांच्यातल्या ६५ टक्क्यांना ते ऐकू आलं. हातातल्या कामात बुडालेल्या माणसाला हाक ऐकू येत नाही, असं आपल्याकडच्या बायका नवऱ्यांबद्दल म्हणतात, त्यात तथ्य आहे तर.

झोपेतही ही तपासणी थांबत नाही. १९६० मध्ये इयान ऑस्वल्ड, अॅन टेलर आणि मिशेल ट्रेझमन यांनी झोपलेल्या लोकांना नावांची यादी ऐकवली आणि त्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी टिपल्या. परकी नावं आली तेव्हा फारसं काही झालं नाही. स्वतःचं नाव आलं की लहर उसळे, आणि आधी सांगून ठेवल्याप्रमाणे झोपेतच मूठ आवळली जाई.

पण मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो १९६७ चा एक छोटासा अभ्यास. डी. फॉर्मबी यांनी इंग्लंडमधल्या प्रसूतिकक्षात आयांचं निरीक्षण केलं. एका खोलीत दोन-तीन बाळंतिणी, प्रत्येकीचं बाळ शेजारी. पहिल्या दोन-तीन रात्री कुणाचंही बाळ रडलं की कुणीही जागी होई. चौथ्या रात्रीपासून चित्र पालटलं. शेजारचं बाळ टाहो फोडत असलं तरी आई झोपून राही. तिचं स्वतःचं बाळ रडलं की मात्र डोळे उघडत. चार दिवसांपूर्वी जगात नसलेला आवाज तिच्या मेंदूनं आता सगळ्यांत वरच्या जागी नेऊन ठेवला होता. आपल्याकडं बाळंतिणीच्या खोलीत रात्री सोबतीला झोपणाऱ्या आजीला हे नवं नाही. ‘तू नीज, तिला बरोबर कळतंय’ असं तीच सांगते.

त्याच १९६७ च्या डिसेंबरमध्ये कोयनानगरची झोप मोडली.

११ डिसेंबरची पहाट, चार वाजून एकवीस मिनिटं. मार्गशीर्षातली थंडी. त्याआधीची काही वर्षं या खोऱ्यात जमीन गुरगुरत होती. १९६२ मध्ये धरणात पाणी साठू लागलं तेव्हापासून लहान हादरे सुरू झाले होते, आणि त्यांच्यासोबत येणारा आवाज सुरुंगाच्या स्फोटासारखा असे. धरणाच्या कामावर सुरुंग रोजचेच, त्यामुळं कान त्याला सरावलेही होते. सप्टेंबरमध्ये एक मोठा धक्का बसून गेला होता. डिसेंबरचा भूकंप मात्र ६.३ च्या घरातला होता. सुमारे १८० माणसं गेली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली आणि कोयनानगरातली बहुतेक घरं राहण्याजोगी उरली नाहीत. धरणाच्या उंच भागांना तडे गेले, पण १०३ मीटर उंचीचं ते धरण उभं राहिलं. धरणातल्या कंपनमापकानं त्या पहाटे जमिनीचा हिसका टिपून ठेवला. गुरुत्वाकर्षणामुळं जो वेग वाढतो त्याच्या ०.६३ पट एवढा. जगभरच्या अभियंत्यांनी तो आलेख पुढं कित्येक वर्षं अभ्यासला.

हेळवाकच्या अलीकडं एका घराच्या पडवीत बसून मी एका आजींना त्या पहाटेबद्दल विचारलं. त्यांनी किती रिश्टर, किती वाजता, किती मेले यातलं काहीच सांगितलं नाही. जमिनीवर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, “बाळा, म्या हितं निजल्याली. धाकटं माज्या कुशीला. थोरला पडवीत, आज्याच्या घोंगड्यात. सासूबाई तिकडं जात्यापाशी. आन् आमचं ह्ये रातपाळीला.” प्रत्येक नावासरशी त्यांचा हात सरकत होता. घर नवं होतं, जुनं त्याच पहाटे पडलं होतं, तरी जुन्या घराचा आराखडा त्या नव्या घराच्या जमिनीवर आखत होत्या. कोण कुठं झोपलं होतं हे सांगून झाल्यावरच भूकंपाची गोष्ट सुरू झाली.

त्या भागात जुन्या माणसांना विचारलं की बहुतेकांची सुरुवात अशीच होते. आधी अंथरुणं आणि मग भूकंप. साठ वर्षं होत आली, पण कोणत्या कुशीवर कोण होतं ते पुसलं गेलेलं नाही. स्वतःशी जोडलेली गोष्ट मेंदू अधिक पक्की धरतो, हे कॅनडातल्या टी. बी. रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये प्रयोगानं दाखवलं. लोकांना स्वभावाची विशेषणं दाखवायची आणि प्रत्येकाबद्दल एक प्रश्न विचारायचा. शब्द मोठ्या अक्षरांत आहे का? त्याचं अमक्या शब्दाशी यमक जुळतं का? अर्थ सारखा आहे का? आणि शेवटचा प्रश्न, हा शब्द तुम्हाला लागू पडतो का? नंतर अचानक ते शब्द आठवायला सांगितले, तेव्हा स्वतःला लावून पाहिलेले शब्द सगळ्यांत जास्त आठवले. विशेषणांसारख्या कोरड्या मालाचं असं होतं, तर पोटच्या पोराच्या अंथरुणाची जागा कशी विसरणार?

त्याच पहाटे मुंबईलाही हादरा जाणवला आणि कोयनेची वीज बंद पडून शहराचे दिवे गेले, कारखाने अडले. बहुतेक मुंबईकरांच्या घरी कोयनेची बातमी काळोखाच्या रूपानं आली. पण त्याच शहरात पाटण तालुक्यातली हजारो माणसं होती. गिरण्यांत होती, गोदीत होती, बाजारात ओझी वाहत होती. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. एका खोलीत पंधरा-वीस जणांनी पाळीपाळीनं झोपायचं आणि दर महिन्याला गावी मनिऑर्डर करायची, असा तो काळ. त्यांच्या दृष्टीनं दिवे जाणं ही बातमी नव्हतीच. शहर तेच, अंधार तोच, पण एकाच्या मनात ‘वीज कधी येणार’ आणि शेजारच्या खोलीत ‘घरची कशी असतील’.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, म्हणजे माणूस मुळातच स्वार्थी. मला ते पटत नाही. क्षणोक्षणी कानांवर येणारं सगळं सारख्याच तोलानं आत घ्यायचं ठरवलं, तर मेंदूला अर्ध्या तासात काही सुचेनासं होईल. कुठंतरी निवड करावीच लागते, आणि ज्यांच्या जगण्यामरण्याची जबाबदारी आपल्या अंगावर आहे त्यांची हाक आधी ऐकणं ही त्यातल्या त्यात शहाणी निवड आहे. आईनं प्रत्येक बाळाच्या रडण्याला सारखंच उठायचं म्हटलं, तर चार रात्रींत ती स्वतःच्या बाळालाही पाजू शकणार नाही एवढी थकेल.

शिवाय ‘स्व’ची हद्द सगळीकडं सारखी नाही. कपाळाच्या मागं, मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांच्या मधल्या बाजूला एक भाग आहे. आपण स्वतःबद्दल विचार करतो तेव्हा तो विशेष काम करतो. २००७ मध्ये चीनमधल्या शिहुई हान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिनी आणि पाश्चात्त्य लोकांच्या मेंदूंची तुलना केली. चिनी लोकांमध्ये आईबद्दल विचार करतानाही तोच भाग जागा झाला. पाश्चात्त्यांमध्ये तो स्वतःपुरताच राहिला. लग्नाच्या बोलणीत ‘तुम्ही काय करता’ या प्रश्नाला ‘आमचे वडील शिक्षक होते, थोरला भाऊ पोलिसात आहे’ असं उत्तर देणाऱ्या आपल्या माणसांची अशी तपासणी केली तर काय दिसेल, याची मला मोठी उत्सुकता आहे.

तरीही या निवडीची एक बाजू टोचते. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळचं तळीये दरडीखाली गेलं. त्याच रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथं डोंगर खाली आले. दोन दिवस ही नावं सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी होती. मिरगाव तर कोयनानगरच्या जवळचंच. १९६७ चे हादरे सोसलेला हा भाग, आणि पुन्हा त्याच्याच वाट्याला हे आलं. आज पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात कुणाला विचारलं तर तळीये आठवेल, बाकीची तीन नावं बहुधा आठवणार नाहीत. कारण उघड आहे. आपलं कुणी तिथं नव्हतं. पण वाचलेल्या माणसांना हलवलं, त्यांचं पुढं काय झालं, घरं मिळाली की नाही, हे विचारणारं राज्यात कुणीतरी असायलाच हवं, आणि ते कुणाच्या नात्यावर अवलंबून राहू नये.

म्हणून मला कोयना खोऱ्यातल्या यंत्रांबद्दल मनापासून आदर वाटतो. कराडजवळच्या हजारमाचीला भूकंपाच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल विवर घेऊन जमिनीच्या पोटातलं तपासलं गेलं आहे. धरणात पाणी भरलं की आसपासची जमीन का हलते, हे शिकायला कोयनेसारखी जागा जगात क्वचितच असेल. धरणापासून दक्षिणेकडं वारणेच्या खोऱ्यापर्यंतच्या लहानशा पट्ट्यात १९६२ पासून पाच किंवा त्याहून मोठे धक्के वीसहून अधिक झाले, आणि लहान हादऱ्यांची तर मोजदाद करणंही कठीण. यातले बहुतेक हादरे माणसाला कळतही नाहीत, कळले तरी रोजचेच म्हणून सोडून दिले जातात. यंत्र मात्र कुणाच्या वाडीखाली काय हाललं याचा भेद न करता प्रत्येकाची नोंद घेतं. दरवाजे उघडण्याआधी नदीकाठी वाजणारा भोंगाही तसाच. नदीत कपडे धुणारी बाई कुणाची कोण लागते, हे त्याला ठाऊक असण्याची गरज नाही. जे आपल्या यादीत नाहीत त्यांच्यासाठी भोंगे, नोंदवह्या, पंचनामे आणि कायदे लागतात. सरकारी काम कोरडं असतं अशी आपण तक्रार करतो, पण मदतीची यादी लिहिणाऱ्या तलाठ्यानं आपली माणसं वर घ्यायला सुरुवात केली, तर तोच कोरडेपणा आपल्याला हवाहवासा वाटेल.

मग माणसानं आपली यादी आहे तेवढीच ठेवायची का? इथं मला २०१२ मधल्या एका प्रयोगाचा मोठा आधार वाटतो. जिए सुई आणि ग्लिन हम्फ्रीज या संशोधकांनी लोकांना अगदी साध्या आकृत्या दिल्या. समजा, त्रिकोण म्हणजे तुम्ही, वर्तुळ म्हणजे तुमचा मित्र, चौकोन म्हणजे कुणी अनोळखी. मग पडद्यावर आकृती आणि शब्द यांची जोडी क्षणभर दाखवायची आणि ती जुळते की नाही हे झटकन सांगायचं. लोकांनी ‘मी’ असलेली आकृती सगळ्यांत लवकर आणि सगळ्यांत अचूक ओळखली. मित्राची आकृती त्यानंतर, अनोळख्याची त्याच्याही मागं. काही प्रयोगांत मित्राच्या जागी आई घेतली, तिचीही अनोळख्यावर सरशी झाली.

नीट पाहिलं तर हे विलक्षण आहे. त्रिकोणाला ना चेहरा, ना आवाज. दहा मिनिटांपूर्वी तो शाळेतल्या भूमितीच्या वहीतला त्रिकोण होता. ‘हा तुमचा’ एवढं एकदा सांगितलं आणि मेंदूनं त्याला घरच्या माणसाचा मान दिला. मान ठरलेला असला तरी यादी मोकळी आहे, तीत नाव चढवायला जन्म किंवा रक्त लागत नाही. सासरी आलेल्या मुलीला आठवड्याभरात सासूच्या खोकल्यावरून रात्र कशी चालली आहे ते कळू लागतं. धरणापायी शंभराच्या आसपास गावं उठली आणि त्यातली माणसं सोलापूर, सांगली, रायगड, ठाण्याकडं नव्या मातीत जाऊन बसली, तिथं पहिल्या पावसात शेजाऱ्यानं बी-बियाणं दिलं असेल, तर त्याच्या गोठ्यातल्या गाईचं हंबरणंही पुढं झोपेत ओळखू आलं असेल. नाव एकदा कळलं, एखादं काम एकमेकांत अडकलं, एक रात्र एकत्र काढली की मेंदू पुढची वर्गवारी आपोआप करतो. शिक्षकाला हे रोजच्या अनुभवानं ठाऊक असतं. जूनमध्ये पटावरची साठ नावं सारखीच वाटतात. दिवाळीपर्यंत मैदानात कुणी नुसतं रडलं तरी कोण रडलं ते वर्गात बसून कळतं.

आपल्या हातात जे आहे ते एवढंच आणि ते थोडं नाही. कुणाचं नाव विचारायचं, हे आपण ठरवू शकतो. घरकाम करणाऱ्या मावशींच्या मुलीचं नाव काय, सोसायटीच्या वॉचमनचं गाव कोणतं, हे विचारायला दोन मिनिटं लागतात. पण ते गाव पाटण तालुक्यातलं निघालं, तर पुढच्या जुलैमध्ये कोयनानगर, नवजा हे शब्द रेडिओवर आले की आपलाही हात थबकेल. त्यासाठी आपल्याला कसलाही आटापिटा करावा लागणार नाही.

त्या आजींनी गोष्ट संपवली तेव्हा मी विचारलं, पुढं कधी एवढी भीती वाटली का? त्यांनी किल्लारीच्या भूकंपाचं नाव घेतलं. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होऊन गणपती बोळवले होते आणि पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबादकडची गावंच्या गावं मातीच्या घरांखाली गेली. जवळजवळ दहा हजार माणसं. मराठवाड्यात आजींचं कुणी नव्हतं. त्या तिकडं कधी गेल्याही नव्हत्या. सकाळी रेडिओवर कळलं तेव्हा त्यांनी मुलाला एकच विचारलं होतं, “किती वाजता झाला रं?”

“चारच्या आधी,” तो म्हणाला.

“म्हंजी समदी निजल्यालीच आसनार,” असं म्हणून त्या उठल्या, माळ्यावर चढल्या आणि घरात होती नव्हती ती जादा घोंगडी खाली काढली. पाटणला मदतीचे ट्रक भरत होते, तिकडं ती मुलाच्या खांद्यावर देऊन पाठवली. “ल्हान पोरांस्नी आदी द्या म्हनावं,” एवढं मात्र त्यांनी त्याला दोनदा बजावलं होतं.